८२३ मीटर: बालाघाटाची उंची आपण मोजतो की उतरवून घेतो?

बीड जिल्ह्यावरचा भूगोल, भूशास्त्र किंवा पाणलोट या विषयातला एखादा प्रबंध हाती लागला, तर थेट दुसऱ्या प्रकरणावर जा. 'अभ्यासक्षेत्राचा परिचय' असं काहीतरी शीर्षक असेल. जिल्ह्यातून बालाघाटाची रांग गेली आहे, तिच्यामुळे उत्तरेची गंगथडी आणि दक्षिणेचा घाटावरचा भाग असे दोन तुकडे पडले आहेत, गोदावरी उत्तर सीमेवरून वाहते, मांजरा पाटोदा तालुक्यात उगम पावते. आणि मग तो आकडा येतो: उगमाची उंची समुद्रसपाटीपासून ८२३ मीटर.

हे प्रकरण सहसा कुणी नीट वाचत नाही. लिहिणारा ते आधीच्या प्रबंधावरून उतरवतो, तपासणारा पानं उलटतो, व्हायव्हातले प्रश्न निष्कर्षांवर येतात. मला आज याच प्रकरणावर टीका करायची आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, काहींचं सिनॉप्सिस अर्धं झालंय. दुसरं प्रकरण 'नंतर भरून टाकू' असं तुमच्याही डोक्यात असेल, म्हणून आत्ताच लिहितोय.

कॅल्क्युलेटर काढा. ८२३ ला ०.३०४८ ने भागा. २७०० येतात, वर अगदी किरकोळ अपूर्णांक. आता गोदावरी घ्या. त्र्यंबकेश्वरजवळचा तिचा उगम १०६७ मीटरवर, असं सरकारी अहवालांपासून स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांपर्यंत सगळीकडे छापलेलं असतं. भागा: ३५००. भीमेच्या उगमाची उंची ९४५ मीटर सांगतात. भागा: ३१००. म्हणजे पृथ्वीने मांजरा, गोदावरी आणि भीमा या तिन्ही नद्या बरोबर शंभर फुटांच्या पटीत सोडल्या!

आकड्यांवरून उघड दिसतं ते असं: कुणीतरी कधीतरी फुटांत, ढोबळ, 'सुमारे २७०० फूट' असं लिहिलं. पुढच्याने त्याचे मीटर केले आणि 'सुमारे' गाळला. २७०० फूट वाचताना आपल्याला कळतं की हा अंदाज आहे. ८२३ मीटर वाचताना वाटतं, कुणीतरी यंत्र लावून एका मीटरपर्यंत मोजलंय. रूपांतर अगदी बरोबर आहे, पण वाटेत अचूकता फुकटात वाढली. मूळ विधानात बहुधा शंभर फुटांचा, म्हणजे तीस मीटरचा सैलपणा होता. तो कुठेच लिहिलेला उरला नाही.

इथे एक सावधगिरी. कुठलाही मीटरमधला आकडा योगायोगाने शंभर फुटांच्या पटीत पडण्याची शक्यता साधारण तीसात एक असते. तीन नद्या जुळल्या म्हणून तीस गुणिले तीस गुणिले तीस असा गुणाकार करून टाळ्या घेऊ नका, कारण हे तीन मी निवडून तुमच्यापुढे ठेवलेत. कृष्णेचे १३३७ मीटर भागून बघा, गोल आकडा येत नाही. ही युक्ती पुरावा नाही, शंका घ्यायला कारण आहे. पण दुसऱ्या प्रकरणातला प्रत्येक उंचीचा आकडा एकदा या चाळणीतून काढायला दोन मिनिटं लागतात.

याच्या अगदी उलट टोकाला जाणारी माणसंही आहेत, आणि ती बघायला आपल्याला वेल्समध्ये जावं लागेल. ब्रिटनमध्ये टेकड्यांच्या याद्या करण्याचं वेड जुनं आहे. स्कॉटलंडच्या ३००० फुटांवरच्या शिखरांची यादी ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये छापली, तेव्हापासून अशी शिखरं 'मन्रो' म्हणूनच ओळखली जातात. वेल्समध्ये २००० फुटांची रेषा मानाची. मिनिथ ग्रैग गॉख नावाचा एक डोंगर नकाशावर ६०९ मीटर, म्हणजे १९९८ फूट होता. दोन फुटांनी नापास. २००८ मध्ये तीन हौशी सर्वेक्षक चांगल्या दर्जाचं जीपीएस घेऊन वर गेले, माथ्यावर यंत्र लावून धरलं आणि उंची आली ६०९.७५ मीटर. २००० फूट म्हणजे ६०९.६ मीटर. पंधरा सेंटिमीटरने पास! २०१० मध्ये ग्लिडर फाउर ९९९ मीटरवरून १०००.८ मीटरवर गेला. १९९५ मध्ये आलेल्या ह्यू ग्रँटच्या एका सिनेमात तर वेल्समधलं एक गाव आपली टेकडी १००० फुटांच्या 'डोंगरा'त बसावी म्हणून वर माती नेऊन टाकतं. आपल्याकडे माणसं धरणातला गाळ उपसून शेतात टाकतात, तिकडे टेकडीवर. असो.

हसू नका. या हौशी मंडळींच्या नोंदीत तीन गोष्टी असतात, ज्या आपल्या प्रबंधांत सापडत नाहीत. नेमका कोणता बिंदू मोजला, कशापासून मोजला आणि किती चूक संभवते.

पहिली गोष्ट सोपी वाटते, पण आपल्याकडे तीच अवघड. त्यांचा नियम असा की नैसर्गिक जमीन मोजायची, माणसाने रचलेला दगडांचा ढीग नाही. आता आपल्याकडची कुठलीही टेकडी आठवा. माथ्यावर खंडोबाचं किंवा देवीचं ठाणं असतं, पीर असतो, देवळाचं जोतं असतं, हल्ली पवनचक्कीचा भराव असतो. सपाटीकरण झालं म्हणजे मूळ माथा गेला. तुम्ही जोत्यावर यंत्र ठेवलं की पायथ्याशी, हे लिहिल्याशिवाय दुसऱ्याला तुमचं मोजमाप तपासता येणार नाही.

दुसरी गोष्ट, कशापासून. आपण सहज 'समुद्रसपाटीपासून' म्हणतो. भारतातल्या अधिकृत उंचीचं शून्य जुन्या भरती-ओहोटी केंद्रांच्या नोंदींवरून ठरलं, त्यात मुंबईचं अपोलो बंदरही होतं. तिथून भारतीय सर्वेक्षण विभागाने पातळीयंत्राने टप्प्याटप्प्याने उंची देशभर आत नेली आणि बेंचमार्क बसवले. जीपीएसला यातलं काही माहीत नाही. त्याला कळते ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत गणिती आकारापासूनची उंची. तो आकार आणि समुद्रसपाटीचा खरा, उंचसखल आकार, ज्याला जिऑइड म्हणतात, यांत फरक असतो. आपल्या भागात हा फरक साठ ते ऐंशी मीटरच्या दरम्यान आहे आणि जिऑइड खाली आहे. म्हणून अनेक अँड्रॉइड फोनमधलं एखादं ॲप उघडून तुम्ही घाटावर उभे राहिलात, तर ७५० मीटरच्या जागी ते ६८० दाखवू शकतं. एक अख्खी टेकडी खिशातल्या खिशात नाहीशी! काही ॲप हा फरक जोडून दाखवतात, काही नाही, आणि स्क्रीनवर दोन्हीकडे नुसतं 'उंची' लिहिलेलं असतं.

यावरून इंग्लंडमधल्या काफ टॉपची गोष्ट सांगतो, कारण सिनॉप्सिसच्या प्रेझेंटेशनला ती उपयोगी पडते. २००० फुटांना दोन-अडीच सेंटिमीटर कमी भरलेला हा डोंगर २०१६ मध्ये ६०९.६०६ मीटर, म्हणजे रेषेच्या सहा मिलिमीटर वर ठरला. त्या वर्षी वर कुणी नव्याने यंत्र नेलं नव्हतं. ब्रिटनने आपलं जिऑइडचं गणित सुधारलं, म्हणून जुन्याच नोंदींतून नवी उंची निघाली. डोंगर जागचा हलला नाही, त्याचं वर्गीकरण बदललं.

तिसरी गोष्ट म्हणजे चूक, आणि इथे आपली सवय सगळ्यात वाईट आहे. हल्ली दुसऱ्या प्रकरणात गॅझेटियरची जागा उपग्रहावरून बनवलेल्या उंचीच्या प्रतिमेने घेतली आहे, ज्याला आपण सगळे डीईएम म्हणतो. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवसांत रडारने मोजलेलं एसआरटीएम, आपल्या कार्टोसॅट-१ वरून केलेलं आणि भुवनवर मोफत मिळणारं कार्टोडेम, असे दोन-तीन पर्याय. विद्यार्थी फाइल उतरवतो, क्यूजीआयएसमध्ये टाकतो, किमान आणि कमाल आकडा बघतो आणि लिहितो: 'क्षेत्राची कमाल उंची अमुक मीटर.' झालं सर्वेक्षण!

तो कमाल आकडा म्हणजे काय? तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद अशा एका चौकोनाला दिलेली एक उंची. चौकोनातलं झाड, देऊळ, वनविभागाने लावलेली ग्लिरिसिडियाची दाटी यांचा त्यात कमी-जास्त वाटा असतो. एसआरटीएमची आखणी करतानाच उभी चूक १६ मीटरपर्यंत मान्य केलेली होती. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी ती त्याहून चांगली निघाली, हेही खरं. पण कमाल म्हणजे हजारो चौकोनांतला सगळ्यात वरचा आकडा, आणि जिथे खरी उंची जास्त आहे तिथे जसा तो निघतो तसा जिथे चूक जास्त आहे तिथेही निघतो. दहा विद्यार्थ्यांपैकी सगळ्यात जास्त गुण मिळालेला हुशार असतो आणि त्या दिवशी नशीबवानही असतो, तसंच हे. म्हणून कमाल आकडा खऱ्यापेक्षा फुगलेला असण्याकडेच कल असतो. त्याच वेळी तीस मीटरच्या चौकोनात अणकुचीदार माथा सरासरीत दबतो. दोन चुका उलट दिशेने ओढतात, आणि तुमच्या टेकडीवर कोणती जिंकली हे जागेवर गेल्याशिवाय सांगता येत नाही.

कडा तर यात चक्क विरघळतो. समजा, वीस मीटरचा सरळ तुटलेला कडा आहे. सॉफ्टवेअर उतार काढताना शेजारच्या चौकोनांची उंची घेतं, म्हणजे वीस मीटरचा फरक साठ मीटर अंतरात वाटला जातो. उत्तर येतं सुमारे अठरा अंश. जिथे शेळीसुद्धा थांबून विचार करते, तिथे तुमचा नकाशा 'मध्यम उतार' असा पिवळा रंग देतो.

टोपोशीट याबाबतीत जास्त प्रामाणिक आहे असं माझं मत झालंय. १:५०,००० च्या नकाशावर समोच्च रेषा वीस-वीस मीटरवर असतात, आणि हे खाली लिहिलेलं असतं. म्हणजे नकाशा स्वतःच सांगतो की दोन रेषांच्या मध्ये १८ मीटरचं टेकाड असेल तर ते मी दाखवेनच असं नाही. डीईएमची फाइल असं काही बोलत नाही. ती नुसता आकडा देते आणि गप्प बसते.

आता बालाघाटावर परत येऊ, कारण खरा मुद्दा मोजणीच्या अचूकतेपेक्षा खोल आहे. समजा, तुम्ही सगळं नीट केलं. उत्तम जीपीएस आणलं, बेंचमार्क गाठला, जिऑइडचा फरक घेतला, सेंटिमीटरपर्यंत उंची काढली. पण कशाची?

बीडहून सोलापूर रस्त्याने मांजरसुंब्याच्या घाटाने वर जा. घाट चढता, आणि मग उतरायचं राहूनच जातं. पलीकडे उतार नाही, पठार आहे, जोंधळ्याची रानं आहेत, गावं आहेत. बीडकडून बघणाऱ्याला जो डोंगर, तो नेकनूरकडून येणाऱ्याला रानाचा बांध संपल्यावर लागणारी कड. या डोंगराला एकच बाजू आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाचे थर एकावर एक जवळपास आडवे पसरले, वरच्या टणक थराने माथा सपाट राखला आणि नद्यांनी कडेकडेने कुरतडत नेलं. शेजारशेजारच्या माथ्यांची उंची सारखी येते ती त्यामुळे. तुम्ही शिखर मोजताय असं वाटतं, प्रत्यक्षात लाव्ह्याच्या एका थराची उंची पुन्हा पुन्हा मोजत असता.

वेल्सची याद्यांची पद्धत इथे लावून बघा. ते नुसती समुद्रसपाटीपासूनची उंची घेत नाहीत. माथ्यावरून निघून दुसऱ्या जास्त उंच माथ्याकडे जाताना कमीत कमी किती खाली उतरावं लागतं, तेही मोजतात. म्हणजे माथ्याइतकीच मधली खिंड महत्त्वाची. काही याद्यांत हा फरक किमान ३० मीटर लागतो, ॲलन डॉसन यांच्या १९९२ च्या यादीत १५० मीटर. पद्धत चांगली आहे, त्यांच्या गोलसर, सुट्या डोंगरांसाठी. बालाघाटाच्या पठारावर ती लावली, तर सगळ्यात उंच जागा एखाद्या रानातला हलका फुगवटा निघेल, आणि तिथून पुढच्या फुगवट्याकडे जाताना उतरणं किती, तर बैलगाडीलाही कळणार नाही इतकं. उंच सगळे नापास. पास होतील त्या कड्यापासून तुटून पुढे उभ्या राहिलेल्या सुट्या टेकड्या, ज्या पठाराहून बुटक्या आहेत. शिवाय अशी उतरण काढताना दोन उंच्यांची वजाबाकी होते. प्रत्येकीत आठ मीटरची चूक धरली आणि त्या एकमेकींशी संबंधित नाहीत असं मानलं, तर फरकात सुमारे अकरा मीटरची चूक येते. तीस मीटरच्या रेषेसाठी ती फार झाली.

आणि सौताड्याचं काय करणार? पाटोदा तालुक्यात, जामखेडच्या वाटेवर, सपाट माळावरून चालत जाता आणि एकाएकी विंचरणा नदी पायाखालून दरीत उडी घेते. त्या जागेचं सगळं वैशिष्ट्य खालच्या दिशेने आहे. शिखरांच्या तक्त्यात त्यासाठी रकानाच नाही. कपिलधारचंही तसंच.

म्हणून बालाघाटावर 'सर्वोच्च शिखर' शोधणाऱ्या कामांवर माझा आक्षेप आहे. इथे विचारायचं ते कड्याची उंची किती, उतार कुठे तुटतो, पठाराची कड किती किलोमीटर आहे आणि दर किलोमीटरला किती घळी तिला चिरतात. कपिलधारला पाणी का पडतं, घाटाखालच्या गावाच्या ओढ्याला पूर कसा येतो, माती कुठून वाहून जाते, या प्रश्नांना ही मोजमापं उपयोगी पडतात. समुद्रसपाटीपासूनची उंची त्यातलं फारसं काही सांगत नाही.

'हे सगळं अभ्यासापुरतं, बाहेर कोण विचारतं?' असं कुणी म्हणेल. विचारतात. आपले सरकारच्या पोर्टलवर डोंगर किंवा दुर्गम क्षेत्रात राहत असल्याचं प्रमाणपत्र मिळतं, म्हणजे डोंगर कुठला हे कागदावर ठरलेलं असतं. पश्चिम घाट विकास कार्यक्रमासाठी तालुके निवडताना किमान २० टक्के क्षेत्र ६०० मीटरच्या वर, असा निकष होता. तोच निकष आपल्याकडे लावल्याची कल्पना करा. घाटावरचं घोंगडीसारखं सपाट रान डोंगरात जमा होईल. कड्याच्या पायथ्याशी पाचशे-साडेपाचशे मीटरवरचं, दगडगोट्यांनी भरलेलं शिवार मात्र मैदानी ठरेल. बांधकामाच्या नियमांत १:५ पेक्षा तीव्र उताराची अट येते, म्हणजे साधारण ११ अंश. तो उतार तीस मीटरच्या चौकोनांवर काढायचा की पाच मीटरच्या, यावर एखादा प्लॉट आत येतो किंवा बाहेर जातो.

सगळ्यात ताजं उदाहरण अरवलीचं. २० नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने एक व्याख्या मान्य केली: स्थानिक भूपातळीपासून १०० मीटर किंवा जास्त उंच भूरूप म्हणजे अरवलीचा डोंगर, आणि ५०० मीटरच्या आत असे दोन असतील तर रांग. त्याआधी भारतीय वन सर्वेक्षणाने ३ अंशांपेक्षा जास्त उतार हा निकष वापरला होता. खाणकामाच्या दृष्टीने कोणती टेकडी वाचणार आणि कोणती नाही, हे या एका आकड्यावर येऊन ठेपलं. गदारोळ झाला, आणि २९ डिसेंबरला न्यायालयाने आपलाच आदेश स्थगित ठेवला. वादाची राजकीय बाजू बाजूला ठेवा. संशोधक म्हणून पहिला प्रश्न विचारा: 'स्थानिक भूपातळी' कुठली? हाच नियम बीडमध्ये गंगथडीच्या पातळीवरून लावला, तर घाटावरचा बाजार, बसस्टँड, शाळेचं मैदान सगळं डोंगर. पठाराच्या पातळीवरून लावला, तर डोंगर जवळपास उरतच नाही. शंभर हा आकडा दोन्हीकडे तोच.

यावर पीएचडीएवढं काम पडलेलं आहे, आणि ते महागही नाही. सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे खुले नकाशे ऑनलाइन मोफत मिळतात, कार्टोडेम भुवनवर आहे. बीड ते मांजरसुंबा असा पट्टा घ्या. त्यातल्या सुट्या टेकड्या आणि कड आधी टोपोशीटवर हाताने आखा, मग डीईएमवर काढा. ३० मीटर, ५० मीटर, १०० मीटर अशा वेगवेगळ्या रेषा लावा, भूपातळी दोन प्रकारे घ्या, उतार दोन वेगळ्या चौकोनांवर काढा आणि दर वेळी किती टेकड्यांनी वर्ग बदलला ते मोजा. कॉलेजमधून डम्पी लेव्हल आणि स्टाफ मिळाला तर दोन-तीन टेकड्यांवर पायथ्यापासून माथ्यापर्यंत पातळी न्या, आणि परत पायथ्याशी आणून किती फरक पडतो ते बघा. तो फरक तक्त्यात लिहा, लपवू नका. उन्हाळ्यात जा, गवत वाळलेलं असतं. गुराख्याला विचारा, पाऊलवाट आणि पाणी त्याला माहीत असतं, आणि त्या टेकडीचं नावही, जे नकाशावर बहुतेक वेळा नसतं.

एक व्यवहाराची गोष्ट. जुन्या क्रमांकांप्रमाणे बीड शहर १९ अंश अक्षांशाच्या अगदी लगत, ४७ एम आणि ४७ एन या पत्रकांच्या सीमेवर येतं, म्हणून दोन्हीकडची पत्रकं लागतील. अंबाजोगाईकडे काम असेल तर ५६ बी. शेजारच्या पत्रकांच्या कडेला समोच्च रेषा एकमेकींना जुळतात का, आणि दोन्हींचं सर्वेक्षण कोणत्या वर्षी झालं, हे काम सुरू करण्याआधी बघून घ्या.